लिनक्सवर माउसच्या जुन्या कमांड अचानक का चालेनाशा झाल्या?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे इथे पुण्यात माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी जुना, पण चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात न देता त्यावर लिनक्स टाकलं. वायफाय चाललं, ब्राउझर चालला. मग तापकीर गल्लीतून आणलेला माउस लावला आणि प्रश्न सुरू झाले. पॉइंटर फार पळतोय, चाक भलतंच जोरात फिरतंय, डावखुऱ्या मुलीला बटणांची अदलाबदल हवीय.

नेटवर शोधलं की ठरलेली उत्तरं मिळतात: वेगासाठी 'एक्सइनपुट' वापरा, बटणांसाठी 'एक्समॉडमॅप'. कमांड टाकली तरी माउस जसाच्या तसा. तुमचं काही चुकलेलं नाही, माउसही खराब नाही. ही उत्तरं ज्या यंत्रणेसाठी लिहिली होती, ती यंत्रणाच आता तिथे नाही.

आधी काय होतं?

लिनक्सवर खिडक्या दाखवणं आणि माउस-कीबोर्ड सांभाळणं हे काम वर्षानुवर्षं 'एक्स११' करत आलं. हे १९८७ चं. मधे एकच एक्स सर्व्हर बसायचा आणि कुठलाही प्रोग्रॅम त्याला सांगू शकायचा, की माउसचं हे सेटिंग बदल. म्हणून डेस्कटॉप कुठलाही असो, कमांड तीच चालायची.

पण याच मोकळेपणामुळे चालू असलेला कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत तुम्ही काय टाइप करताय तेही वाचू शकायचा. फोनचं उदाहरण घ्या. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या खोट्या चलानच्या एपीके फाइली आठवतात? असली फसवी ॲप्स बऱ्याचदा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, कारण त्याशिवाय अँड्रॉइड त्यांना दुसऱ्या ॲपच्या स्क्रीनवर डोकावू देत नाही. एक्स११ वर अशी परवानगी मागायची गरजच नव्हती.

वेलँडने काय बदललं?

'वेलँड'चं काम २००८ मध्ये सुरू झालं. यात माउस-कीबोर्डची सूत्रं कंपॉझिटरकडे, म्हणजे साध्या भाषेत डेस्कटॉपकडेच असतात. क्लिक ज्या खिडकीसाठी आहे, तिलाच ते कळतं. बाहेरच्या प्रोग्रॅमला परस्पर माउसचं सेटिंग बदलता येत नाही.

इतकी वर्षं दोन्ही पर्याय होते. २०२५ मध्ये चित्र पालटलं. मे महिन्यात आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्स सर्व्हर गेला. रेड हॅटचं पुण्यात मोठं ऑफिस आहे आणि इथल्या कितीतरी आयटी कंपन्यांचे सर्व्हर त्याच लिनक्सवर चालतात. ऑक्टोबरमध्ये उबंटू २५.१० ने ग्नोमचं एक्स११ सेशन काढलं. नोव्हेंबरमध्ये केडीईनेही जाहीर केलं, की प्लाझ्मा ६.८ पासून फक्त वेलँड.

मग तोटा कोणाचा?

माझ्या मते सुरक्षेसाठी हा बदल हवाच होता. पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही. आधी डेस्कटॉपने एखादा पर्याय दिला नाही, तर कमांडने काम भागायचं. आता डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी दिला तरच तो मिळतो. चाकाच्या वेगाचंच बघा: केडीईमध्ये त्यासाठी स्लायडर आहे, ग्नोममध्ये तो वर्षानुवर्षं नव्हता. तुम्हा-आम्हाला ही फक्त गैरसोय. पण ज्याचं मनगट दुखतं किंवा हात थरथरतो, त्याच्यासाठी कॉम्प्युटर वापरता येणं किंवा न येणं यावर ठरतं.

आता करायचं काय?

आधी तुमच्याकडे काय आहे ते बघा. ग्नोममध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट', मग 'सिस्टिम डिटेल्स' उघडा. 'विंडोइंग सिस्टिम'समोर एक्स११ किंवा वेलँड लिहिलेलं असेल.

वेलँड असेल तर जुन्या कमांडच्या नादी लागू नका. 'माउस अँड टचपॅड'मध्ये मुख्य बटण डावं की उजवं, पॉइंटरचा वेग, स्क्रोलची दिशा आणि ॲक्सलरेशन हे सगळं आहे. हात थरथरत असेल तर 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये जा. पॉइंटर एका जागी थांबवला की आपोआप क्लिक होण्याची सोय तिथे मिळेल. माउसला जास्तीची बटणं असतील तर लॉजिटेकसाठी 'सोलार' आणि बऱ्याच गेमिंग माउससाठी 'पायपर' ही ॲप्स बघा.

तुमची गरज जुन्या कमांडशिवाय भागतच नसेल, तर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती बघा. तिथे वेलँड २०२४ च्या सुरुवातीला फक्त प्रयोग म्हणून आलं. नेहमीचं सेशन एक्स११ वरच राहिलं.

आणि घरच्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणार असाल तर एक करा. इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, माउस लावा आणि लॅपटॉप ज्यांचा आहे त्यांच्याच हातात दहा मिनिटं द्या. डिस्ट्रो त्यानंतर ठरवा.