पालीचे शेपूट आणि आपला गुडघा

झाडूचा फटका बसला की पालीचे शेपूट तुटून वळवळत पडते, आणि काही आठवड्यांत तिला नवे फुटते, हे सर्वांनी पाहिले आहे. परंतु ह्या क्षुद्र जीवापाशी बडोद्याच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे धडे घेतले, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात १९६०च्या दशकापासून पालीच्या शेपटीचा अभ्यास झाला आहे. जुन्या शेपटीत हाडाचे मणके असतात. नव्या शेपटीत त्यांच्या जागी कूर्चेची अखंड नळी तयार होते. दाहाच्या वेळी शरीरात निर्माण होणारे एक द्रव्य रोखले, तर ही वाढ मंदावते, असे ह्याच विभागाच्या २००८ सालच्या निबंधात दाखविले आहे.

पाल कूर्चा नव्याने घडविते. आम्हां मनुष्यांस ते साधत नाही. कूर्चा म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून मोडलेले हाड सांधते, पण झिजलेली कूर्चा भरून येत नाही. विल्यम हंटर ह्या वैद्याने १७४३ सालीच हे नोंदविले. भातलावणीत दिवसभर वाकणाऱ्या आमच्या माताभगिनींना ते निबंध न वाचताही कळते.

तथापि प्रयत्न थांबलेले नाहीत. रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, पुन्हा गुडघ्यात बसविल्याचा वृत्तांत स्वीडनमधील शल्यवैद्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. मुंबईच्या एका कंपनीच्या अशाच उपचारांस, कूर्चेसाठी व हाडासाठी, २०१७ साली आपल्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिली. मात्र कूर्चेचा हा उपाय मुख्यतः एखाद्या ठिकाणी पडलेल्या खड्ड्यासाठी आहे. सबंध झिजलेल्या सांध्यासाठी नव्हे.

म्हणून आमची वाचकांस कळकळीची विनंती आहे. ‘एक सुई टोचून गुडघा नवा करून देतो’ असे कोणी सांगितले, तर शेताचा तुकडा विकण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे. ह्या उपचारास औषध नियंत्रकांची मान्यता आहे काय? नसल्यास, ही रीतसर नोंदलेली चाचणी आहे काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नियमांप्रमाणे मूळ पेशींच्या चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. उत्तर टाळले गेले, तर खुशाल घरी परतावे.

तोवर वजन आटोक्यात ठेवणे व डॉक्टरांनी सांगितलेला मांड्यांचा व्यायाम नित्य करणे, हे बिनखर्चाचे उपाय कोणी सोडू नयेत. आणि मिस्सेच्या वेळी गुडघे टेकवत नाहीत म्हणून ज्या आजीबाई खंत करतात, त्यांनी निःसंकोच बाकावर बसावे. बसून केलेली प्रार्थनाही देव ऐकतो.