नंबर विकत घेऊ नका, चित्र विकत घ्या

थोडं स्पष्ट लिहितोय. काहींना झोंबेल, पण लिहिणं भाग आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी घरी आले. हातात मोठी फ्रेम. खाली पेन्सिलीनं ४२/२५०, मागं ‘लिमिटेड एडिशन’चं प्रमाणपत्र. तीन वर्षांपूर्वी हिंगोलीत भरलेल्या एका प्रदर्शनात त्यांनी ते ३० हजारांना घेतलं. पाच वर्षांत दुप्पट होतील, असं सांगितलेलं. आता नातीच्या फीसाठी विकायला निघाले, तर मुंबईहून उत्तर आलं: फ्रेमचे पैसे येतील.

त्या प्रदर्शनाची बातमी मीच लावली होती. ‘हिंगोलीकरांना गुंतवणुकीची संधी’ हे शीर्षकही माझंच. एक प्रश्न विचारला नाही. म्हणून हा राग आधी माझ्यावरच आहे.

आता मुद्द्याचं. प्रिंट ही हलकी गोष्ट नाही. चित्रकार स्वतः लाकूड कोरतो, पत्रा किंवा दगड तयार करतो, मोजके ठसे काढतो, प्रत्येकावर क्रमांक आणि सही करतो. ठसे पूर्ण झाले की पत्र्यावर ओरखडे मारून तो बाद करतात. म्हणून त्या आकड्याला अर्थ. आपल्या देशाच्या कस्टम टॅरिफमध्येसुद्धा मूळ प्रिंट म्हणजे कलावंतानं हातानं केलेल्या पत्र्यावरून थेट काढलेला ठसा. यांत्रिक किंवा फोटो पद्धतीनं काढलेली प्रत त्यात बसत नाही.

गुरुजींचं चित्र काय निघालं? पेंटिंगचा फोटो, इंकजेट मशीनवर छापलेला. भिंगातून पाहिलं तर बारीक शिंतोडे. फाईल कॉम्प्युटरमध्ये तशीच. उद्या साईज बदलून ‘नवी एडिशन’ काढली, तर अडवणार कोण? २५० ही मर्यादा कागदावरची. पत्रा बाद करता येतो, फाईल बाद केली हे कोण दाखवणार?

सहीचंही तेच. जगप्रसिद्ध साल्व्हादोर दालीनं हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या. त्यावर नंतर काय छापलं जाईल, याचा भरवसा नाही. आजही त्याच्या प्रिंटकडं बाजार संशयानं बघतो. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर आपल्या प्रमाणपत्राचं काय घेऊन बसलात!

आता उलटी बाजू बघा. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती घराघरांत गेल्या. ना क्रमांक, ना मर्यादा. उद्देशच सामान्यांच्या भिंतीचा होता. आज संग्राहक तेच जुने ठसे शोधत फिरतात. कारण वाळवी, ओल आणि आपला निष्काळजीपणा यातून जे वाचलं, ते थोडं आहे. दुर्मिळपणा काळ ठरवतो, विक्रेता नाही. आणि आपण काय करतो? वाडा पाडताना देवघरातली जुनी तसबीर भंगारवाल्याला देतो, अन् हॉटेलात जाऊन ३० हजारांचा फोटो आणतो.

काही जण म्हणतील, गुरुजींना लोभ नडला. असेल. पण दुपटीचं आमिष कुणी दाखवलं? मास्तरांच्या पेन्शनवर डोळा ठेवून कलेचं नाव घेणाऱ्यांना कोण बोलणार?

तेव्हा पुढच्या वेळी चार प्रश्न विचारा. ठसा कशावरून काढला? तो पत्रा किंवा स्क्रीन बाद केली का? क्रमांकाबाहेरच्या, चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं: उद्या तुम्हीच परत घ्याल का, किती रुपयांना? लेखी द्या म्हणा. चेहरा बघा.

आणि खरंच चित्र हवं असेल, तर आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या कलाशिक्षकानं हातानं काढलेला लिनोकट घ्या. दुप्पट होईल म्हणून नाही, रोज बघावासा वाटतो म्हणून.

पुढचं प्रदर्शन आलं की बातमी मी लावीन. पण या चार उत्तरांसकट. नाही मिळाली, तर तीच बातमी.