आधी चुना, मग खत

पाऊस तोंडावर आला की युरियाच्या गोण्यांची धावाधाव सुरू होते. आमचा विरोध युरियाला नाही, तो डोळे मिटून टाकण्याला आहे. गोमंतकातील मरड शेतांची जांभी माती मुळातच आम्लधर्मी. मुसळधार पावसाने तिच्यातील चुना वाहून जातो. उरलेले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात. युरियाने आम्लता वाढतेच. म्हणून आधी माती तपासावी, पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे शिंपल्यांचा चुना घालावा, शेणखत द्यावे, मगच रासायनिक खत. खाजनांचे दुखणे मात्र खाऱ्या पाण्याचे. तेथे प्रथम बांध व मानस दुरुस्त व्हावेत. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ साली आल्या, त्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हेत. शेत पडीक पडल्यावर हळहळून काय उपयोग?