परसबाग तिची, सातबारा कुणाचा?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या चौदा जणींना घेऊन मराठवाड्यातलं एक सेंद्रिय शेत बघायला गेले होते. घरामागची परसबाग बघून बाया हरखल्याच. मोरीचं सांडपाणी अळू-केळीला सोडलेलं, कुंपणावर वालाचा वेल, वाफ्यांत मेथी, चुका, वांगी, कडेला शेवगा. “भाजी विकत आणावीच लागत नाही,” घरच्या वहिनी सांगत होत्या. रक्त कमी म्हणून सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणणाऱ्या आमच्या बायांना हे पटकन पटलं.

मग भाऊंनी शेत दाखवलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात कालवून जीवामृत कसं करायचं ते सांगितलं. “रोज ढवळतं कोण?” आमच्यातल्या एकीने विचारलं. भाऊ हसले आणि त्यांनी वहिनींकडे बघितलं.

प्रश्न इथेच आहे. तणनाशक नाही म्हणजे खुरपणी जास्त. खुरपणी बाईचं काम मानलं जातं आणि तिची मजुरी पुरुषापेक्षा कमी. विषमुक्त अन्न मला हवंच आहे. पण ते बाईच्या न मोजलेल्या कष्टावर उभं राहणार असेल, तर त्यात नवं काय?

निघताना मी सातबाऱ्याचं विचारलं. नाव एकट्या भाऊंचं. वहिनी घाईने म्हणाल्या, “ताई, परसबाग माझीच आहे की!”

गावरान बियाणं जपणाऱ्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या सगळ्यांनाच अभिमान वाटला. बाईचं ज्ञान मान्य होतंय. जमीन मात्र अजून तिच्या नावावर होत नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. सून म्हणून राबणारीचं काय? शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली. पुढे १९९२ साली राज्य सरकारनेही परिपत्रक काढलं. त्यानुसार नवऱ्याने अर्ज केला, तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज मात्र त्यानेच करायचा!

म्हणून माझं म्हणणं एवढंच: परसबागेच्या प्रत्येक प्रशिक्षणात बियाण्याच्या पुडीसोबत या अर्जाचा नमुनाही वाटू या, आणि त्या बैठकीला नवऱ्यांनाही बोलावू या. परतताना गाडीत एकजण म्हणाली, “ताई, आमचा सातबारा मी कधी बघितलाच नाही.”

तुमच्या गटात किती जणींनी बघितलाय? विचारा आणि जरूर कळवा.