आपल्या जिल्ह्याचा अभ्यास जगभर, तपासणी मात्र दारात नाही

आपल्या जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले, पण वैद्यकीय नियतकालिकांत ते 'उस्मानाबाद' म्हणूनच कायमचे छापले गेले आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर, म्हणजे आपल्या बायका ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात त्यावर, जगात कुणीही लिहायला बसले तरी उस्मानाबादचे आकडे त्याला घ्यावेच लागतात. हे आकडे आपल्याच आया-बहिणींचे आहेत. ते कसे तयार झाले आणि त्या बदल्यात आपल्या वस्तीपर्यंत काय आले, हे या पानावर एकदा स्पष्ट लिहायला हवे.

ऑक्टोबर १९९९ मध्ये मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी जिल्ह्यात काम सुरू केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली. दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन पाहणे. तिसऱ्यात व्हिनेगरसारखे पातळ ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायकांना माहिती दिली, तपासणी केली नाही.

आठ वर्षांचा हिशेब एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. या कॅन्सरने तपासणी न झालेल्या भागात ६४ बायका गेल्या, एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आणले. पॅपच्या भागात ५४ आणि व्हिनेगरच्या भागात ५६ मृत्यू झाले, तिथे ठोस फरक म्हणता येईल असे काही दिसले नाही.

आता मेटा-ॲनालिसिस म्हणजे काय ते पाहू, कारण हा शब्द हल्ली व्हॉट्सॲपवरच्या संदेशांतही येतो. एकदा मोजलेल्या बीपीवर सहसा कुणी जन्मभराची गोळी सुरू करत नाही. दोन-चार वेळा मोजतात, मग ठरवतात. तसेच एका प्रश्नावर वेगवेगळ्या ठिकाणी झालेले अभ्यास गोळा करून त्यांचे आकडे एकत्र तोलायचे, याला मेटा-ॲनालिसिस म्हणतात. हा शब्द १९७६ मध्ये जीन ग्लास यांनी वापरात आणला. पद्धत चांगली आहे. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, त्याने बाळाचा श्वास वाचतो. त्याचा पहिला अभ्यास १९७२ चा, न्यूझीलंडमधला. पुढचे छोटे-छोटे अभ्यास एकेकटे पाहिले तर डॉक्टरांची खात्री पटत नव्हती. सगळे एकत्र मांडल्यावर शंका उरली नाही.

पण बीपीचे यंत्रच बिघडलेले असेल तर दहा वेळा मोजून काय उपयोग? कोविडच्या काळात आयव्हरमेक्टिनच्या गोळीचे तसेच झाले. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सगळ्यांना ही गोळी देण्याचे जाहीर केले होते. तिच्या बाजूने मेटा-ॲनालिसिस होते, आणि त्यांतल्या काहींचा मोठा भार इजिप्तमधल्या एका अभ्यासावर होता. त्यातली माहितीच संशयास्पद निघाली आणि जुलै २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. तो वगळल्यावर गोळीचा फायदा विरून गेला.

अशा लेखांचा सध्या पूर आला आहे. अमेरिकेतले संशोधक जॉन इओअ‍ॅनिडिस यांनी २०१६ मध्ये मोजदाद मांडली. १९९१ मध्ये वर्षाला ३३४ मेटा-ॲनालिसिस निघत होते, २०१४ मध्ये ९,१३५. नैराश्याच्या औषधांवर तर २००७ ते २०१४ या काळात १८५ निघाले, आणि त्यांतल्या बऱ्याच लेखकांचे औषध कंपन्यांशी लागेबांधे. त्यांच्या अंदाजाने नीट केलेले आणि रुग्णाच्या कामाचे म्हणावेत असे शंभरात जेमतेम तीन. पूर का आला, हे समजायला फार डोके लागत नाही. उन्हातान्हात गावोगाव फिरून लाखभर बायकांपर्यंत पोहोचायला वर्षे जातात, मेटा-ॲनालिसिस टेबलापाशी बसून होतो. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांत वैद्यकीय महाविद्यालयातल्या बढतीसाठी जे लेख धरले जात होते, त्यांत मेटा-ॲनालिसिसही होते. बढती कुणाला नको असते!

सरासरीने खरी गोष्ट झाकली जाते, हेही आपल्याच उदाहरणात दिसते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तिथे आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा व्हिनेगर तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे तीच तपासणी एकदाच झाली आणि तसा फायदा दिसला नाही. या दोघांची बेरीज करून 'मध्यम फायदा' असे लिहिले तर आपल्या आशाताईंना त्यातून काय कळणार? किती वेळा करायची आणि कुणी करायची, हाच खरा मुद्दा आहे.

तपासणी न झालेल्या बायकांबद्दलही बोलले पाहिजे. मुंबई, उस्मानाबाद आणि तामिळनाडू या तीन अभ्यासांत मिळून १,३८,६२४ बायका तपासणीविना ठेवल्या गेल्या आणि त्यांच्यातल्या किमान २५४ या कॅन्सरने गेल्या. एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये याला आक्षेप घेतला. त्या वेळी भारतात नेहमीची अशी तपासणीच नव्हती, असे अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. व्यवस्था गरिबाला काही देत नाही, म्हणून अभ्यासानेही देऊ नये, हा कुठला न्याय?

आणि एवढी किंमत मोजून जे सिद्ध झाले, त्याचे पुढे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले की पहिली तपासणी एचपीव्हीचीच असावी, साधारण तिशीपासून. एचआयव्ही असलेल्या बाईने पंचविशीपासून करावी. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात मात्र व्हिनेगरची तपासणी आहे, ३० ते ६५ वयात पाच वर्षांतून एकदा. तीही किती जणींची झाली? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ नुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी १.९ टक्के. या प्रश्नावर आणखी शंभर मेटा-ॲनालिसिस निघाले तरी हा आकडा हलणार नाही.

तपासणी नसते तिथे भीतीचा धंदा चालतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या गेल्या, २०१९ मध्ये शासनाला समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाते म्हणून दाखवायला गेलेल्या बाईला 'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका' असे सांगितले जाते. असे कुणी सांगितले तर आधी विचारा: तपासणी केली का? तिचा कागद कुठे आहे?

आमचे सांगणे असे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बहिणीने आयुष्मान आरोग्य मंदिरात सिस्टरला किंवा सीएचओंना विचारावे की ही तपासणी कोणत्या दिवशी होते. व्हिनेगरची असली तरी करून घ्यावी आणि पाच वर्षांनी पुन्हा करावी. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेले तर तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. महिला मंडळांनी ग्रामसभेत आणि नगरपालिकेत एचपीव्ही तपासणीची लेखी मागणी करावी, आणि अर्जात २००९ च्या उस्मानाबाद अभ्यासाचा उल्लेख जरूर करावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. मजुरी बुडते म्हणून बायका येत नाहीत, तेव्हा तपासणीचा दिवस बाजाराच्या दिवशी ठेवा, असेही त्याच अर्जात लिहा.