सीलचा नंबर वहीत उतरवला का?



आपल्या वस्त्यांत असे घर शोधून सापडायचे नाही, ज्या घरातला एक तरी माणूस दुसऱ्याच्या मालाला रोज हात लावत नाही. कोणी वाळूजला ट्रक भरतो, कोणी चिकलठाण्याच्या गोदामात खोकी मोजतो, कोणी शेंद्र्याच्या गेटवर रात्रपाळीचा वॉचमन आहे, कोणाची सून पॅकिंगला जाते, कोणाचा मुलगा न्हावा शेव्याच्या लाईनवर गाडी चालवतो. माल लाखांचा, हात आपला. आणि माल कमी भरला की पहिली नजर जाते ती त्या हाताकडेच. म्हणून आज एका बोटभर लांबीच्या वस्तूविषयी लिहितो. तिला सील म्हणतात.

आधी घरची गोष्ट सांगतो. माझा भाचा ड्रायव्हर आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर त्याने एका कारखान्यातून बंद बॉडीची गाडी भरून भिवंडीच्या गोदामात नेली. बिल्टीवर खोकी होती ४२०. पहाटे गाडी गोदामाला लागली. तिथल्या माणसाने कटरने सील तोडले, तुकडे गटारात फेकले आणि दार उघडले. मोजणी झाली, खोकी भरली ४१४.

फोनाफोनी झाली. सुपरवायझरने विचारले, "सील शाबूत होते का?"

"होते साहेब."

"नंबर काय होता?"

भाच्याला सांगता येईना. बिल्टीवर नंबरची जागा कोरीच होती. तोडलेले तुकडे गटारात गेले होते. साहेब म्हणाले, "मग वाटेत जुने तोडून तू दुसरे लावले नाहीस कशावरून?"

या प्रश्नाला पोराजवळ उत्तर नव्हते. दोन महिन्यांचा पगार अडकला, गाडी हातची गेली. भाचसुनेने कानातले गहाण टाकून मुलीची शाळेची फी भरली. पैशाचे काय, आज ना उद्या फिटतात. पण गल्लीत कुजबुज सुरू झाली, तिचे काय करायचे? पोरगा घराबाहेर पडायचा बंद झाला. मी गेलो तर खाली मान घालून "जय भीम, मामा" एवढेच म्हणाला.

पुढे कारखान्यात वर्षाची मालमोजणी झाली, तेव्हा ती सहा खोकी तिथल्याच एका थप्पीमागे सापडली. गाडीत ती चढलीच नव्हती! तिथल्या एका हमालाने फोन करून कळवले म्हणून आम्हाला समजले. अडकलेला पगार मिळाला. चुकलो असे मात्र कोणी म्हणाले नाही.

आता या सीलचे काम काय ते नीट समजून घेऊ. पुष्कळांना वाटते, सील म्हणजे लहान कुलूप. तसे नाही. कुलूप अडवते, सील सांगते. कुलपाची दुसरी किल्ली करता येते. उघडले, माल काढला, पुन्हा लावले, तर कुलूप काही बोलत नाही. सील एकदाच लागते. ते तोडल्याशिवाय निघत नाही आणि तुटले की पुन्हा जुळत नाही. त्यावर एक नंबर असतो. नंबर तोच आणि सील शाबूत, याचा अर्थ मधल्या वाटेत हे दार उघडले नाही. म्हणजे सील हा साक्षीदार आहे.

हा साक्षीदार फार जुना. गुजरातेत लोथल येथे सिंधू संस्कृतीच्या काळातील, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वखार सापडली. तिथे मातीचे ठसे मिळाले. त्यांच्या एका बाजूला मुद्रा आहे आणि पाठीमागे दोरीचे व गाठोड्याच्या विणीचे वळ आहेत. म्हणजे गाठोडे बांधायचे, गाठीवर ओली माती थापायची आणि त्यावर शिक्का मारायचा. माती फुटली की समजायचे, गाठ कोणी सोडली. आपले पैठणही त्या व्यापारातले जुने नाव. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापारी ग्रंथात लिहिले आहे की पैठणचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई आणि ती वाट वीस दिवसांची होती. वीस दिवस माल गाडीवानाच्या हवाली! तेव्हाही धन्याच्या मनात तोच प्रश्न असणार आणि गाडीवानाच्या पोटात तोच गोळा.

आपल्या वाडवडिलांना तर ही गोष्ट सांगायलाच नको. गावकीच्या कामांत गावचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात पोचता करणे हे एक काम त्यांच्या माथी होते. वेशीची राखणही त्यांचीच. आणि गावात चोरी झाली की जाब विचारला जाई तो त्याच राखणदाराला. राखायचेही त्याने आणि संशयही त्यानेच सोसायचा. त्याच्या इमानाची साक्ष द्यायला जवळ कागद नव्हता, अक्षर नव्हते. आज आपल्याजवळ दोन्ही आहेत. मग ती कोरी जागा कोरी का ठेवायची?

सीलचे महत्त्व वाढले ते कंटेनर आल्यावर. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत 'आयडियल एक्स' नावाचे जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. तिथून ही पद्धत जगभर पसरली. त्याआधी बंदरात पोते न् पोते, खोके न् खोके मोजून चढवत आणि मोजून उतरवत. कंटेनर आल्यावर माल एकदा कारखान्यात भरायचा आणि थेट मुक्कामाला पोचल्यावरच उघडायचा. मध्ये गाडी बदलते, ड्रायव्हर बदलतो, रेल्वे येते, जहाज येते, पण दार कोणी उघडत नाही आणि मोजतही नाही. मोजणीची जागा सीलने घेतली. १९८९ साली न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. पुढे आपल्या तेव्हाच्या औरंगाबादजवळ माळीवाड्याला रेल्वेलगत कंटेनर डेपो झाला आणि वाळूजचा माल सीलबंद होऊन समुद्राची वाट धरू लागला. आज समृद्धी महामार्गावरून गाड्या भरधाव जातात. रस्ता बदलला, तरी दारावरचा साक्षीदार तोच आहे.

सीलचे प्रकार अनेक. तार आणि शिशाचे, पत्र्याच्या पट्टीचे, प्लास्टिकचे, पोलादी दोराचे आणि कंटेनरला लागते ते बोल्ट सील. बोल्ट सीलचे दोन भाग असतात, एक खिळा आणि एक टोपण. खिळा कडीतून घालून टोपणात दाबला की आतली कडी बसते. मग मोठ्या कटरशिवाय सुटका नाही. या सीलसाठी आयएसओ १७७१२ हे जागतिक मानक आहे. त्यात तीन वर्ग आहेत. पहिला फक्त खूण सांगणारा, दुसरा मध्यम ताकदीचा आणि तिसरा उच्च सुरक्षेचा. तिसऱ्या वर्गाच्या सीलवर 'एच' हे इंग्रजी अक्षर असते आणि त्याने साधारण एक टनाची ओढ सोसली पाहिजे. परदेशी जाणाऱ्या कंटेनरला हेच लागते.

२०१७ साली आणखी एक बदल झाला. त्यापूर्वी निर्यातीच्या कंटेनरला सील लावायला अनेक कारखान्यांत सरकारी अधिकारी येत असे. आता निर्यातदाराने स्वतःच इलेक्ट्रॉनिक सील लावायचे. त्यात बारीक चिप असते. बंदराच्या दारात यंत्र समोर धरले की नंबर उमटतो आणि सीलशी छेडछाड झाली असेल तर तेही कळते.

पण पोलाद असो की चिप, सीलही फसवले जाते, हे ड्रायव्हर मंडळींनी ध्यानात ठेवावे. सराईत चोर सीलला हातच लावत नाही. दाराच्या दांड्याचे रिव्हेट काढतो, माल काढतो, रिव्हेट पुन्हा बसवून वर रंग फासतो. सील जागच्या जागी! म्हणून गाडी ताब्यात घेताना आणि प्रत्येक मुक्कामानंतर चार गोष्टी कराव्यात. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यांनंतर मालवाहतुकीच्या सुरक्षेचा जो कार्यक्रम आखला गेला, त्यात हीच शिस्त शिकवतात.

एक, पाहा. सील, दांडा, बिजागरी, रिव्हेट नीट पाहा. नवा रंग, ताजा ओरखडा दिसला की थांबा.

दोन, पडताळा. सीलवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवा. खिळ्यावरचा आणि टोपणावरचा नंबर एकच आहे ना, तेही बघा.

तीन, ओढा. खाली ओढून पाहा, नीट बसलेले सील सुटत नाही.

चार, पिळा. फिरवून पाहा, आटे पाडून चिकटवलेले असेल तर सुटू लागते.

या चार गोष्टींना दोन मिनिटे लागतात. यापुढे मी माझी पाचवी जोडतो: लिहा. नंबर बिल्टीवर लिहून घ्या, तिथे भरणाऱ्याची सही घ्या आणि आपल्या वहीतही उतरवा. मोबाइलवर फोटो काढा, नंबर आणि दार दोन्ही दिसतील असा. उतरवताना सील मालकाच्या माणसासमोर तुटू द्या, तोडण्याआधी नंबर वाचून दाखवा आणि तुकडे जपून ठेवा. वाटेत पोलिसांनी किंवा खात्याच्या माणसांनी तपासणीसाठी सील तोडले, तर तसे कागदावर लिहून घ्या, नव्या सीलचा नंबर टिपा आणि लगेच ऑफिसला कळवा. हमाल आणि पॅकिंगच्या भगिनींनीही लक्षात ठेवावे की सील लागण्यापूर्वीची मोजणी आपल्यासमोर झाली पाहिजे. आत जे गेलेच नाही, त्याची साक्ष सील देऊ शकत नाही. भाच्याच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

कायद्याचेही दोन शब्द. माल वाटेत गहाळ झाला तर २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात धन्यापुढे उत्तर द्यायचे ते वाहतूकदाराने. आणि कामगाराच्या पगारातून नुकसान कापायचे असेल, तर १९३६ च्या वेतन कायद्यापासून नियम ठरलेला आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तो कायम ठेवला आहे. माल त्या कामगाराच्या ताब्यात रीतसर दिलेला असला पाहिजे, नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे आणि कापण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडायची संधी दिली पाहिजे. नुकसानीपेक्षा जास्त रक्कमही कापता येत नाही. "तूच घेतलेस" एवढ्या तोंडी बोलण्यावर पगार कापणे हा कायदा नव्हे. म्हणून असा प्रसंग आला तर रागाने काम सोडून घरी येऊ नका. लेखी मागा, लेखी द्या आणि जवळची वही पुढे ठेवा.

घरच्या माउलींनाही हे सील नवे नाही. गॅसची टाकी येते तेव्हा तोंडावरचे सील पाहूनच घ्यावी आणि १४.२ किलो गॅस भरला आहे की नाही, ते वजन करून मागावे. औषधाच्या बाटलीच्या झाकणाखालची कडी तुटलेली असेल तर बाटली परत करावी. १९८२ साली अमेरिकेतल्या शिकागो भागात कोणीतरी गोळ्यांच्या बाटल्यांत विष मिसळले आणि सात माणसे दगावली. त्यानंतर औषधांवर अशी सीले लावणे तिथे सक्तीचे झाले. जे सील आपण घरात पाहतो, तेच घरचा माणूस बाहेर गाडीवर पाहतो. आपण पाहतो ते फसू नये म्हणून, तो पाहतो ते त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून.

भाचा पुन्हा गाडीवर आहे, दुसऱ्या मालकाकडे. मुलीने शाळेची उरलेली वही त्याला दिली. पहिल्या पानावर तिनेच रकाने आखले: तारीख, गाडी, कुठून, कुठे, सील नंबर, सही. मागच्या पावसाळ्यात एका गोदामाच्या गेटवर त्याला अडवले. सीलवर नंबरात ८ होता, कागदावर ३. गेटवरचा माणूस म्हणाला, सील बदलले आहेस. भाच्याने वही काढली. तिथे ८ लिहिलेला होता आणि शेजारी भरणाऱ्या कारकुनाची सही होती. फोटोही होता. कारकुनाने बिल्टी लिहिताना आकडा चुकवला होता. पाऊण तासात गाडी आत गेली. ना पगार अडकला, ना मान खाली गेली.

कर नाही त्याला डर कशाला, असे आपण म्हणतो. पण गरिबाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. कर नाही हे त्याला दाखवून द्यावे लागते, आणि दाखवायला अक्षर लागते. भाचसून आता डबा देताना रोज दोन गोष्टी विचारते. पाणी घेतले का, आणि वही घेतली का. तुमच्या घरचा माणूसही मालाच्या कामावर जात असेल, तर उद्यापासून तुम्हीही विचारा.