पुरून ठेवलेला पैसा आणि मोठं होत जाणारं कोठार



बचत-गुंतवणुकीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. व्याज किती मिळेल आणि कर किती वाचेल? धर्माची वही वेगळी आणि पैशाची वही वेगळी. म्हणून आज मुद्दाम शेजारच्या घरात डोकावायचं ठरवलं आहे. ख्रिस्ती धर्मात पैसा साठवण्याबद्दल आणि गुंतवण्याबद्दल काय विचार झाला, ते गेले काही महिने वाचते आहे. कॉमर्सची पदवीधर असल्यामुळे हिशेबाची गोडी आहेच, पण यात हिशेबापलीकडचंही बरंच सापडलं.

बायबलमध्ये या विषयावर दोन गोष्टी आहेत आणि वरवर पाहिलं तर त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली मत्तयच्या शुभवर्तमानातली. एक मालक परगावी जाताना तीन नोकरांकडे पैसे सोपवतो. एकाला पाच तालंत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. तालंत म्हणजे चांदीचं मोठं वजन, मजुराच्या कित्येक वर्षांच्या कमाईइतकं. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा भीतीने खड्डा खणून पैसा पुरून ठेवतो. मालक परतल्यावर त्यालाच बोल लावतो की निदान सावकाराकडे ठेवून व्याज तरी मिळवायचं होतंस.

दुसरी गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातली. एका श्रीमंत शेतकऱ्याच्या शेतात अमाप पीक येतं. तो ठरवतो, जुनी कोठारं पाडू, मोठी बांधू आणि मग वर्षानुवर्षं आरामात खाऊ-पिऊ. त्याच रात्री त्याला मरण येतं.

म्हणजे पैसा पडून राहू देणारा चुकला आणि साठवणाराही चुकला! मग बरोबर कोण? ख्रिस्ती विचाराचं उत्तर एका शब्दात आहे, कारभारी. धन देवाचं आहे, माणूस फक्त ते सांभाळणारा. पहिल्या नोकरांनी सोपवलेलं धन कामाला लावलं. शेतकरी मात्र सगळं माझं, माझ्यासाठी, असंच बोलत राहिला. साठवण्याला मुळात विरोध नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ सुबत्तेच्या सात वर्षांत इजिप्तच्या पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरतो आणि पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळात तेच धान्य लोकांना जगवतं. कोठार तिथेही आहे. ते कुणासाठी उघडतं, हा फरक आहे.

व्याजाबद्दल तर चर्चने शेकडो वर्षं फार कडक धोरण ठेवलं होतं. ११७९ च्या लॅटरन परिषदेने उघड उघड व्याजबट्टा करणाऱ्याला ख्रिस्ती पद्धतीचं दफनही नाकारलं. पण गरिबाला अडीनडीला कर्ज तर लागतंच. मग इटलीतल्या पेरुजा शहरात १४६२ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रयत्नाने गहाणपेढी निघाली. वस्तू ठेवा, अगदी थोड्या दराने पैसे घेऊन जा. या पेढ्यांनी खर्चापुरती रक्कम आकारणं योग्य की अयोग्य, यावर बरेच वाद झाले आणि १५१५ मध्ये परिषदेने त्याला मान्यता दिली. तीनशे वर्षांत मूळ प्रश्न तसाच राहिला, गरीब नाडला जातो का? त्याचं उत्तर मात्र काळाप्रमाणे बदललं.

१८१० मध्ये स्कॉटलंडच्या रुथवेल गावात हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने मजुरांसाठी बचत बँक काढली. सहा पेन्सपासून खातं उघडता येई. शेतमजूर, मोलकरणी यांची चिल्लर तेव्हाच्या बँका हातात धरत नसत. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर वसईच्या कॅथलिक समाजाने १९१८ मध्ये उभी केलेली सहकारी बँक आजही चालू आहे. दान देऊन मोकळं होण्यापेक्षा समोरच्याला स्वतःची शिल्लक करायला शिकवणं हाही धर्मच, असं मला यातून वाटतं. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचं बँकेत खातं आहे का, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

आता जॉन वेस्लीबद्दल. हा अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक, मेथॉडिस्ट पंथ त्याच्यामुळे उभा राहिला. पैशाच्या वापरावरचं त्याचं प्रवचन १७६० मध्ये छापलं गेलं. त्याचा सांगावा तीन पायऱ्यांचा. भरपूर कमवा, पण स्वतःच्या शरीराला, मनाला किंवा शेजाऱ्याला इजा न करता. दारूच्या धंद्याला म्हणूनच त्याचा ठाम नकार होता. दुसरी पायरी, भरपूर वाचवा. इथे त्याला बँकेत साठवणं अभिप्रेत नव्हतं, हौसेमौजेवरची उधळपट्टी टाळणं अभिप्रेत होतं. आणि तिसरी, उरेल ते भरपूर द्या. त्याने दुसऱ्या एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा हिशेब सांगितला आहे. मिळकत ३० पौंड, खर्च २८, दान २. पुढच्या वर्षी मिळकत ६० झाली तरी खर्च २८ च, दान ३२. मग मिळकत ९०, दान ६२. हा तरुण वेस्ली स्वतःच होता असं मानलं जातं.

हा हिशेब वाचून मी थबकले. पगार वाढला की आपला फ्लॅट मोठा होतो, लग्नातला जेवणाचा मेनू वाढतो, सोनं वाढतं. दान मात्र बहुधा त्याच जुन्या आकड्यावर राहतं. ख्रिस्ती परंपरेत दशमांश देण्याची रीत आहे, मिळकतीचा दहावा भाग. दान याहून कमी नको, अशी ती खालची रेघ. आपलं परिग्रह परिमाण व्रत म्हणजे वरची रेघ, यापेक्षा जास्त माझ्याकडे ठेवणार नाही. मला वाटतं घराला दोन्ही रेघा हव्यात. खालची रेघ नसेल तर दान राहून जातं, वरची नसेल तर कोठार वाढतच जातं.

शेजारच्या घरातलं सगळंच मला पटलं असं नाही. देवाला द्या, म्हणजे तो तुम्हाला कैकपटीने परत करेल, असं सांगणारे धर्मोपदेशक तिकडेही आहेत, विशेषतः अमेरिकेत. हे दान नव्हे, ही तर परताव्याची योजना झाली. त्याच बायबलात दोन नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट आहे. श्रीमंतांच्या मोठ्या रकमांपेक्षा तिचं दान मोठं ठरलं, कारण तिने होतं तेवढं सगळं दिलं. आपल्याकडे बोलीच्या वेळी मोठा आकडा टाळ्या घेतो आणि पाटीवर नाव येतं. देणाऱ्यांच्या भावनेवर मी शंका घेत नाही. पण शेवटच्या रांगेत बसून मूठभर तांदूळ वाहणाऱ्या आजींकडे आपलं लक्ष जातं का, एवढंच विचारते.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. १९७१ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, अमेरिकेतल्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये काम करणाऱ्या दोघांनी पॅक्स वर्ल्ड नावाचा म्युच्युअल फंड सुरू केला. आमचे पैसे शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांत जायला नकोत, हा त्यांचा आग्रह. आपण तर ताटातल्या बटाट्याची चौकशी करणारी माणसं! मग एसआयपीचे पैसे कुठे जातात याची चौकशी का नाही? निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात सिगारेट बनवणाऱ्या कंपनीचाही हिस्सा असतो. प्रत्येक फंडाला दर महिन्याला आपली गुंतवणूक कुठे आहे ते वेबसाइटवर जाहीर करावं लागतं. ती यादी नातवंडं दोन मिनिटांत मोबाइलवर काढून देतील. पैसा सगळीकडून फिरून येतो, पूर्ण निर्दोष गुंतवणूक मिळणं कठीण, हे मलाही कळतं. म्हणून विचारायचंच नाही, हे मात्र मला मान्य नाही. स्वयंपाकातही संपूर्ण अहिंसा साधत नाही, तरी आपण पाणी गाळतोच ना?

आपल्यातल्या अनेकजणी मुलगा किंवा यजमान दाखवतील तिथे सही करतात. पुढच्या वेळी सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा पैसा कुणाच्या धंद्यात जातोय, आणि यातला दानाचा वाटा कुठे लिहिलाय? घरात थोडी कुजबुज होईल, होऊ दे. आणि हिशेबाच्या वहीत दानाचा रकाना शेवटी ठेवू नका, पहिला आखा. शेवटी ठेवला की तिथे उरेल तेवढंच जातं.